लेकीच्या मागे काठी घेऊन

आमच्या गावात माणूस उगाच धावत नाही. गोठ्याला आग लागली, बैल सुटला, नाही तर एसटी फाट्यावर उभी दिसली तरच धावतो. त्यामुळे बियाण्या-खताच्या दुकानात गादीवर बसून पोट वाढवलेला, पन्नाशीला टेकलेला मी भल्या पहाटे पळताना दिसलो, तेव्हा पहिल्याच दिवशी दोन भले लोक डोक्याला रुमाल बांधून थेट माझ्या घरच्या ओट्यावर जाऊन बसले. बायकोनं दार उघडलं तर दोघांच्या माना खाली. "कोन गेलं वहिनी?"

"कोनी नाही गेलं भाऊ," ती म्हणाली. "ह्यायले पळाची हौस आली." मग त्या दोघांना चहा द्यावा लागला.

हौस माझी नव्हतीच. पळायचं होतं पोरीला. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. भरतीच्या मैदानी चाचणीला आमच्याकडे नुसतं 'ग्राउंड' म्हणतात, आणि त्यात मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. पुस्तकं तिची तोंडपाठ, पण मागच्या वर्षी पळण्यातच ती थोडक्यात राहिली. यंदाही राहिली तर लग्नाचं पाहायचं, असं तिच्या मामानं आणि काकानं ठरवून टाकलं होतं. मीही मान डोलावली होती, कबूल करतो. पोरगी तेव्हा उठून पाणी प्यायला गेली.

मागच्या वर्षी काय आणि यंदा काय, तिला एकटीला पाठवायला मी तयार नव्हतो. "तुले एकटीले जंगलाच्या रस्त्यानं जाऊ देत नसतो मी," असं मोठ्या तोऱ्यात सांगून मी मागच्याच वर्षी खामगावहून स्वतःसाठी बूट आणले. तिच्यापेक्षा महाग आणले. वजन जास्त असलेल्या माणसाला चांगले बूट लागतात, असं दुकानदार म्हणाला आणि मला ते पटलं.

रस्ता मात्र मीच निवडणार. आधी फाट्याकडचा डांबरी रस्ता निवडला, कारण तो सपाट आणि टोकाला चहाची टपरी. पण आमच्या भागात ओळखीचा माणूस पायी दिसला की गाडीवाला थांबतोच. "बसा मांगं!" नाही म्हटलं तर त्याला राग येतो. पाच जणांना नाही म्हटलं, सहाव्याला म्हणवलं नाही. त्या दिवशी मी पोरीच्या आधी फाट्यावर पोहोचलो आणि ती येईपर्यंत दोन कट चहा झाले. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की तिसरा मागवायची हिंमत झाली नाही.

मग पाझर तलावाच्या भिंतीवरचा रस्ता. तिथं भिंतीआड सकाळच्या कामाला बसलेली जुनी मंडळी असायची. आता घरोघर सोय झाली आहे, पण सवय जात नाही. मी दिसलो की ही माणसं उठून रामराम करायची. सोयाबीनचं बियाणं उधार मिळतं म्हणून इतका मान द्यावा? तो रस्ता आम्ही चार दिवसांत सोडला.

उरला घाटाचा. गावाच्या वर सागाचं जंगल, त्यातून चढत पठारावर जाणारी गाडीवाट. पोरीला पहिल्यापासून हीच वाट हवी होती. चढावर दम वाढतो, म्हणायची. माझा तिथं दम संपायचा. पण बोरांच्या दिवसांत अस्वल खाली उतरतं, म्हणून मी हातात तेल पाजलेली काठी घेऊन मागून पळायचो. ती पुढं, मी वीस-पंचवीस पावलं मागं. अस्वल आलंच असतं तर त्यानं आधी कोणाला धरलं असतं, हे सांगायला नको.

ग्राउंड पंधरा दिवसांवर आलं होतं. त्या सकाळी अर्ध्या चढावर माझ्या बरगडीत अशी चमक निघाली की डोळ्यांपुढं अंधारी आली. मी चिडलो की वाटेल ते बोलतो. काठी उगारून ओरडलो, "थांब वं! थांब म्हनतो नं! पाय मोडून ठेवीन!"

शेजारच्या तुरीतून एक माणूस धाडकन बाहेर आला. खांद्यावर घोंगडी, हातात बॅटरी. रानडुकरांपासून पीक राखायला रात्रभर वावरात जागून घरी निघालेला, शेजारच्या गावचा शेतकरी. त्यानं माझं मनगट धरलं आणि काठी हिसकून घेतली.

"लाज नाही वाटत? एवढ्या मोठ्या पोरीले काठी घेऊन मारता?"

"अहो, बाप आहे मी तिचा!"

"म्हनून तं धरलं! लग्नाले नाही म्हनली असन, आन् तुमी निंगाले झोडपाले!"

मला धाप इतकी लागली होती की पुढं शब्दच फुटेना. माझं गप्प राहणं म्हणजे कबुलीच, असं त्यानं धरलं. वर पोरगी थांबून वळून पाहत होती. वाटलं, आता येईल आणि सांगेल. तेवढ्यात हा ओरडला, "पळ वं माय तू! मी धरून ठेवतो याले!"

पोरगी हसली. आणि पळाली.

बाप्पा! ते पळणं मी कधी पाहिलंच नव्हतं. तो चढ, ज्याच्यावर मी रोज कंबरेवर हात ठेवून देवाचं नाव घ्यायचो, तो तिनं बघता बघता मागं टाकला. वळणावर वेणी दिसली, मग सागाच्या झाडांआड तीही दिसेना. त्या माणसाची पकड ढिली झाली. "पोरगी हाये का हरीन?" तो म्हणाला. दोन वर्षं ती माझ्या चालीनं पळत आली होती. मागच्या वर्षी जे थोडक्यात राहिलं, ते माझ्यामुळं राहिलं. परक्या माणसाच्या मुठीत मनगट असताना हे माझ्या डोक्यात शिरलं आणि मला शरम वाटली. हात सोडवून घ्यायचंही सुचलं नाही.

ती परत आली, तिनं सगळं समजावून सांगितलं. तो बिचारा इतका ओशाळला की वावरात जाऊन हरभऱ्याचा हिरवा डहाळा घेऊन आला, माझ्या हातात काठीसकट दिला आणि निघून गेला. आम्ही दोघंच उरलो. तिला दमही लागला नव्हता.

"रोज अशी काऊन नाही पळत तू?" मी विचारलं.

ती वाकून बुटाची नाडी बांधू लागली. "मांगून तुमच्या धापेचा आवाज आला पाहिजे नं बाबा. नाही आला तं वाटते, कुठी पडले-बिडले."

"मंग सांगायचं नं मले!"

"मांगच्या साली म्हटलं होतं, तुमी घरी थांबा म्हनून. तुमी दोन दिवस जेवले नाही."

ते मला आठवत होतं. घरात मी पोट बिघडलं म्हणून सांगितलं होतं.

"उद्यापासून तू एकटी येत जाय," मी म्हणालो. बोलायला जड गेलं. बोलल्यावर मी थोडा थांबलो, कारण आता ती म्हणेल, असं काय करता बाबा, चला नं. मग मी एकदा नाही म्हणेन, ती पुन्हा आग्रह करेल, आणि निदान कधीमधी तरी मला येता येईल.

"हाव," ती म्हणाली.

माझं वाक्य जेमतेम संपलं होतं. इतक्या झटकन, इतक्या आनंदानं ती मला बऱ्याच दिवसांत हो म्हणाली नव्हती.

"एक चक्कर मारू का अजून?" तिनं विचारलं. विचारलं खरं, पण उत्तर ऐकायला ती थांबली नाही.