म्होरकीवरची चकती

बैलाच्या डोक्याला बांधायच्या म्होरकीवर वेबसाईटचा पत्ता ठोकायची कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी ज्यांच्यावर रागावणार आहे त्यांच्यात थोडी मीही आहे.

मी भिंगारला राहते. एका खाजगी कार्यालयात वीस वर्षं हिशेब लिहिले, ते कार्यालय बंद झालं, आणि त्यानंतर घरी बसून लोकांच्या वेबसाईट सांभाळायचं काम शिकले. आज माझ्याकडे अकरा वेबसाईट आहेत. सगळ्या छोट्या धंद्यांच्या. अकोले तालुक्यातले एक जण डोंगरातला तांदूळ विकतात, एक बाई शाळांचे गणवेश शिवतात, असे. प्रत्येकासाठी वहीत एक पान. त्यात मी दोन गोष्टी लिहिते: कोणते शब्द शोधून लोक आले, आणि डोमेनची मुदत कधी संपते. डोमेन म्हणजे वेबसाईटचं नाव. ते कायमचं विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीवर मिळतं. मुदत टळली, नूतनीकरण राहिलं, की काही आठवड्यांनी ते उघड्यावर पडतं आणि जगातला कुणीही उचलतो. म्हणून ती तारीख मी लाल शाईने लिहिते.

माझा दुसरा नियम असा की डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर हवं. पासवर्ड, ईमेल, ओटीपी येणारा मोबाईल, सगळं त्याचं. पुष्कळ जण ते स्वतःच्या नावावर ठेवतात आणि गिऱ्हाईक सोडून जायला निघालं की अडवून धरतात. मला तसलं काही नको होतं.

घोडेगावच्या बाजारतळाजवळ एक दुकान आहे. म्होरक्या, कासरे, घुंगरमाळा, गोंडे, पोळ्याच्या झुली. दुकान म्हाताऱ्या सासऱ्यांचं, पण चालवते थोरली सून. तिचा नवरा गेला तेव्हा पोरगी तीन वर्षांची होती. सुताचं काम ती गावातल्या सात बायकांकडून घरोघरी करून घेते. माल बाजारात खपतोच, पण खरी विक्री फोनवर. सातारा, विदर्भ, पार कर्नाटकातून लोक पोळ्याच्या आणि बेंदराच्या आधी शोधत यायचे. त्यांची वेबसाईट मी केली, आणि मोबाईलवरची कामं तिचा धाकटा दीर बघायचा म्हणून डोमेन त्याच्या नावावर घेतलं. नाव सासऱ्यांनी सुचवलं, त्यात जिल्ह्याचं तेव्हाचं नाव होतं.

त्याच वर्षी तिने मला विचारलं, "ताई, म्होरकीवर पितळी चकती लावावी म्हंते. कोन्या गावची हाय ते कळंल. नंबर टाकू का?"

मी म्हटलं, "नंबर नको. मोबाईल बदलतो. वेबसाईटचं नाव बदलत नाही."

एवढ्या खात्रीने मी क्वचितच बोलते. तिने अक्षरं उमटवायचा पंच बनवून घेतला आणि सहा वर्षं प्रत्येक म्होरकीवर तो पत्ता ठोकला. दोन हजारांवर चकत्या गेल्या.

मग जिल्ह्याचं नाव बदललं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. घरच्या पत्त्यावर मी पहिल्या आठवड्यातच नवं नाव लिहिलं. पण कागदावर नाव एका दिवसात बदलतं, माणसाच्या बोटाला सवय लागायला वेळ जातो, हे कुठल्याही पोस्टमनला विचारा. त्या हिवाळ्यात शहरातल्या एका सभागृहात व्यापाऱ्यांसाठी मोफत मार्गदर्शन ठेवलं होतं. पुण्याहून एक सल्लागार आले होते. विषय होता, गूगलवर पहिल्या पानावर कसं यायचं. मी वही घेऊन तिसऱ्या रांगेत बसले. माझ्या पुढेच घोडेगावचा धाकटा दीर बसला होता, त्या सुनेचा.

सल्लागारांनी पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, की ज्यांच्या डोमेनमध्ये जिल्ह्याचं जुनं नाव आहे त्यांचं डोमेन मेलं. सरकारने नाव बदललं म्हणजे गूगलही बदलणार, जुनं ठेवलं तर ताकद दोन ठिकाणी वाटली जाणार, तेव्हा आजच्या आज नवं घ्या आणि जुनं सोडा. नवी नावं बाहेरच्या टेबलावर मिळत होती. उठायला वेळ नको म्हणून असावं, फॉर्म खुर्च्यांवरच ठेवले होते.

मी हात वर केला. नवं नाव टाईप करून शोधणारे किती आणि जुनं टाईप करणारे किती, याचा काही आकडा तुमच्याकडे आहे का, असं विचारलं.

ते हसले. "काकू, आकड्यांत अडकाल तर मागे राहाल. व्हिजन बघा."

सभागृहही हसलं. पुढच्या खुर्चीवरचा दीर मागे वळून हसला. हसण्याचं मला काही वाटलं नाही. पण ज्याच्याकडे आकडा नाही असा माणूस दोनशे लोकांना त्यांच्या दुकानाची पाटी उतरवायला सांगतो आणि कुणाला त्यात वावगं दिसत नाही, याची चीड मला आजही येते.

आकडा माझ्याकडे होता. शोधातून आलेल्यांनी कोणते शब्द टाकले ते गूगल स्वतःच फुकट दाखवतं, फक्त उघडून बघावं लागतं. घोडेगावच्या दुकानाकडे शंभर माणसं आली तर साठेक जण जिल्ह्याचं नावच टाकत नव्हते. ते 'पोळ्याची झूल' किंवा 'बैलाची घुंगरमाळ' एवढंच शोधायचे. उरलेल्यांतले बहुतेक जुनं नाव लिहायचे, किंवा नुसतं नगर. नवं नाव लिहिणारे तीन. हे मी कागदावर उतरवून दिराला दाखवलं. नवं डोमेन जरूर घे, म्हटलं, पण जुनं ठेव. जुन्या पत्त्यावर आलेला माणूस आपोआप नव्यावर जाईल अशी सोय मी करून देते, अर्ध्या तासाचं काम आहे. पानावर दोन्ही नावं राहू दे.

तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही जुन्या पद्धतीनं बघता. सरांनी स्क्रीनवर दाखवलंय."

काम सरांकडे गेलं. पण पासवर्ड आणि ओटीपी दिराच्या मोबाईलवर होते, आणि लाल शाईची तारीख माझ्या वहीत होती. वैशाखात मुदत संपायच्या आधी मी त्याला तीनदा फोन केला. दोनदा बघतो म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला, सोडून द्या. मी वहीत लिहिलं, 'गिऱ्हाइकाने नकार दिला', आणि पान उलटलं. सुनेला फोन केला नाही. काम तिचं होतं, चकत्या तिच्या होत्या, पण कागदावर नाव दिराचं, म्हणून मी दिराशीच बोलले. माझा नियम मी पाळला. नियम पाळून माणूस किती चुकू शकतो, ते मला पुढच्या दोन महिन्यांत कळलं.

आषाढात तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच, पण मधूनच थांबत होती. साताऱ्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने तिला विचारलं होतं, "अहो बाई, तुम्ही बैलाच्या माळा विकता का जुगाराचा अड्डा चालवता?" चकतीवरचा पत्ता त्याने नातवाला टाईप करायला सांगितला होता. मी फोन कानाशीच धरून कॉम्प्युटरवर तो पत्ता उघडला. लाल-पिवळा पडदा, पत्त्यांचे डाव, पहिल्या डावाला बोनस. जिथे त्या सात बायकांचे गोंडे होते तिथे.

कुणी घेतलं ते कळायला मार्ग नाही. असं करणारी माणसं मुदत संपलेल्या नावांवर टपूनच असतात. सहा वर्षं लोक ज्या नावावर विश्वासाने येत होते, गूगलच्या लेखी ज्याला वजन होतं, ते नाव त्यांना आयतं मिळालं. परत मागायला त्या पानावरच्या ईमेलवर लिहिलं तर त्यांनी सांगितलेली किंमत दुकानातल्या सगळ्या मालाहून जास्त होती.

मी सल्लागारांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही फक्त सल्ला देतो. निर्णय क्लायंटचा असतो." आणि नव्या वेबसाईटच्या भेटी चौपट झाल्याचा अहवाल पाठवून दिला. मी तो ओळ न् ओळ वाचला. भेटी परदेशातल्या यंत्रांच्या होत्या. दोन सेकंद यायच्या आणि जायच्या. नव्या वेबसाईटवर एकच मजकूर चाळीस पानांवर होता, दर पानावर फक्त गावाचं नाव बदललेलं. म्होरकीचा फोटो एकाही पानावर नव्हता. सुनेने भिंतीवरच्या कॅलेंडरवर फोनच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. आदल्या पोळ्याआधीच्या पंधरवड्यात त्रेसष्ट, यंदा अकरा. मला त्या अहवालापेक्षा त्या रेघा खऱ्या वाटतात. सातांपैकी चार बायकांना तिने काम थांबवायला सांगितलं होतं.

पोळ्याच्या आधीच्या बाजाराला मी एसटीने घोडेगावला गेले. कशासाठी जाते आहे ते मलाही नीट माहीत नव्हतं. तोंड दाखवावं असं वाटलं, एवढंच. बाजारतळावर शिरताना पहिल्याच ओळीत एक खिलार बैल उभा होता, कपाळावर तिची म्होरकी, म्होरकीवर चकती. पितळ घासून चकचकीत ठेवलेलं. मी मान खाली घालून पुढे गेले.

दुकानापुढे तिने पोतं अंथरलं होतं. पोत्यावर ऐरण, हातोडी, नव्या चकत्यांचा डबा. दीर ऐरणीपाशी उकिडवा बसून चकत्या ठोकत होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. माझ्या मनात त्याला बोलायला पुष्कळ होतं. पण त्याच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं दिसलं आणि मी चकत्यांच्या डब्याकडे वळले.

ती म्हणाली, "ज्याच्या ज्याच्या म्होरकीवर आपलं नाव हाय, त्यानं बैल घेऊन यावं. बदलून देते. फुकट."

नव्या चकतीवर काय आहे ते मी उचलून पाहिलं. गावाचं नाव आणि मोबाईल नंबर. वेबसाईट नाही. मोबाईल बदलतो, हे माझंच वाक्य होतं, आणि ते पुन्हा बोलायची माझी हिंमत झाली नाही. तिला ते कळलं असावं.

"ताई, हा नंबर माझ्या नावावर हाय," ती म्हणाली. "रिचार्ज मी मारते. तारीख मला ठाव हाय."

नवं डोमेनही तिच्या नावावर करून द्यायला तिने मला त्याच बैठकीत सांगितलं. दिराने तेव्हाच खिशातून मोबाईल काढला, ओटीपी वाचून दाखवला आणि पुन्हा ठोकायला लागला. चाळीस पानं काढून एक पान ठेवायचं, त्यावर फोटो, नंबर आणि जिल्ह्याची दोन्ही नावं, हेही ठरलं. मी वही उघडली. लाल तारीख मी लिहिली, तशी तिनेही आपल्या कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर लिहिली.

दुपारपर्यंत मी तिथेच बसून काढलेल्या चकत्या मोजत होते. एक म्हातारे शेतकरी बैल घेऊन थांबले होते, पण चकती काढू देईनात. सहा वर्षांची सवय आहे, उगाच बुजेल, असं त्यांचं म्हणणं. "आन् माझा बैल कुठं मोबाईल बघतो, पोरी?"

"बैल न्हाई बघत, बाबा," ती म्हणाली. "तुमचा नातू बघतो."

म्हाताऱ्यांनी वेसण हातात घेऊन बैलाचं डोकं खाली धरलं. तिने पक्कडीने जुनी चकती सोडवली आणि माझ्या हातात दिली.

ती त्या दिवसाची सदतिसावी होती.