पाण्यात करंट उतरते

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या कुणाला नाही, अन् ज्यांना सांगायला पाहिजे होतं त्यांना तर मुळीच नाही. तुम्हाला सांगून राहिलो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. अनोळखी माणसासमोर तोंड उघडायला जमेल असं वाटते — बघू.

मी चामोर्शीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगितलेलं बरं. आठवीला विजेचे वाहक आणि रोधक मीच शिकवतो — तांबं, लोखंड, लाकूड, रबर. एवढं लक्षात असू द्या.

राहतो मात्र गावात, चामोर्शीपासून बरंच आतमध्ये. गाव आणि डांबरी रस्ता यांच्या मध्ये नाला आहे आणि नाल्यावर रपटा. रपटा म्हणजे बुटका, बिनकठड्याचा पूल. पावसाळ्यात पाणी त्याच्या वरून जाते. कधी घोटाभर, कधी कमरेएवढं. कमरेएवढं असलं की गाव घरातच बसते. घोटाभर असलं की सगळे ये-जा करतात, सायकलीसुद्धा.

माझ्याकडे आधी मोठी गाडी होती. डिझेलची, सात जणांची, उंच चाकांची. सात जणांची म्हणजे कागदावर. त्या गाडीत मी चौदा माणसं धानोऱ्याच्या मयतीला नेली आहेत आणि एटापल्लीकडच्या लग्नाला त्याहून जास्त. गावात दुसरी चारचाकी नव्हती. लोक तिला माझी गाडी म्हणतच नसत, ‘आपली गाडी’ म्हणत. बाजाराच्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर यायच्या आत दोन म्हाताऱ्या आत बसलेल्या असायच्या.

त्यातली एक बायजाबाई. आमची शेजारीण. तिच्या नि माझ्या अंगणाच्या मधे तुराट्यांचं एक कुंपण, आणि त्या कुंपणावरून दिवसभर तिचा आवाज. माझं लग्न तिनं जमवलं, माझी आई गेली तेव्हा तेरा दिवस माझ्या घरची चूल तिनं पेटवली. गाडीत पुढची जागा तिची. खिडकीतून कोपर बाहेर काढून बसायची आणि मला गाडी कशी चालवायची ते शिकवायची. “मास्तर, हळू घ्या, खड्डा हाये.” खड्डा मलाही दिसत होताच की. पण ती बोलायची, अन् रस्ता संपून जायचा.

मग मला त्याचा कंटाळा आला. हे पहिलं खरं. आधी कुणी गाडी मागितली की बरं वाटायचं, आपण मोठे आहोत असं वाटायचं. नंतर फाटकाची कडी वाजली तरी कपाळात आठी पडायला लागली. नाही म्हणायची हिंमत नव्हती. ज्या बाईनं माझ्या घरी चूल पेटवली तिला नाही कसं म्हणणार? तेवढ्यात डिझेल चढलं. चढतच गेलं. सगळे हळहळत होते, मीही चारचौघांत हळहळत होतो — आणि आतून? आतून मला ते बरंच झालं होतं. मला कारण मिळालं.

स्टाफरूममध्ये महिनाभर तोच विषय होता. एक सर म्हणत, आपल्याकडच्या रस्त्यांना मोठीच गाडी पाहिजे, महाग तर महाग. पावसाळ्यात बुटक्या गाडीचं पोट घासते. मी म्हणायचो, अहो, एकटा माणूस शाळेत जातो अन् येतो, त्याला हत्ती कशाला पोसायचा? पेट्रोल अन् बॅटरी दोन्हीवर चालणारी हायब्रीड घ्यायची. मोठी गाडी एका लिटरात जेवढं चालते त्याच्या दुपटीहून जास्त चालते ही. बोलणं खोटं नव्हतं. आजही नाही. गाडी चांगली आहे, तिचा यात काही दोष नाही. मी मोठी विकली आणि ती आणली.

गाव बघायला आलं. नामदेव, बायजाबाईचा लेक, चाळिशीचा, शेतकरी माणूस. त्यानं विचारलं, “हायब्रीड म्हंजे? बियाण्यावानी? मंग दरसाली नवी घ्या लागन का, सर?” सगळे हसले. धानाचं हायब्रीड बियाणं दरवर्षी नवं घ्यावं लागते, म्हणून तो विचारत होता. गाडी सुरू झाली तरी आवाज नाही, त्यामुळे बायजाबाई बोनेटला कान लावून उभी. म्हणाली, “मेली का जित्ती हाये, समजूनच नाई राह्यलं.”

अन् मग ती सवयीप्रमाणे पुढचा दरवाजा उघडून बसली.

म्हणजे काहीच बदललं नव्हतं. पाच जणांच्या गाडीतही सात बसतात, हे मला कळायला पाहिजे होतं. पहिला महिना तसाच गेला. पावसाळा लागला, आणि एका बाजाराच्या सकाळी चार बाया फाटकाशी पिशव्या घेऊन उभ्या. मी चहा पीत होतो. आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं — इतकं सहज, की आधीपासून तयार असावं. मी म्हटलं, “या गाडीच्या खाली मोठी बॅटरी असते. रपट्यावरचं पाणी लागलं की करंट उतरते. सवारी नाही नेता येत.”

खोटं. साफ खोटं. गाडीसोबत आलेलं पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं होतं. ती बॅटरी चहूबाजूंनी बंद असते. खोल पाण्यात घालू नये हे खरं, पण ते कोणत्याही गाडीला लागू आहे. घोटाभर पाण्यात तिला काही होत नाही. मी विज्ञानाचा मास्तर. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर लोकांनी चार प्रश्न विचारले असते. मला एकानंही विचारला नाही.

एकच अडचण होती. मी स्वतः रोज त्याच पाण्यातून शाळेत जात होतो. मग मी काय केलं असेल? चिखलणीचे गमबूट आणले. घरून निघताना घालायचे, शाळेच्या आधी वडाखाली गाडी थांबवून काढायचे. रबर आहे ना, एकट्या माणसापुरतं चालते, असं सांगत फिरलो. आठवीच्या वर्गात शिकवलेला धडा मी असा वापरला. सांगताना आता कान तापून राहिले माझे.

लोकांनी मागणं बंद केलं. माझ्या त्या खोट्याची राखण मला करावीही लागली नाही, बायजाबाईनं केली. कुणी फाटकाकडे वळलं की कुंपणावरून तिचा आवाज यायचा, “मास्तरले नोका म्हनू बाप्पा, त्याच्या गाडीत पान्यात करंट उतरते. लेकराबाळाचा मानूस हाये थो.” आणि रोज सकाळी मला, “बूट घातले का, मास्तर?” मी पाय वर करून दाखवायचो. ती मान हलवायची. एकदा नामदेवकडून तिनं ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून घेतला, पाटाएवढा, कडा नीट गोल केलेल्या, आणि माझ्या हातात दिला. पायाखाली टाका म्हणाली, बुटाचा का भरोसा. मी घेतला.

आता तो दिवस. टाळता येत नाही.

पोळ्याच्या आधीचा रविवार. सकाळचे दहा. शाळा नव्हती, बायको माहेरी गेलेली, मी ओसरीवर पेपर वाचत होतो. कुंपणापलीकडे बायजाबाई तांदूळ पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. तो थांबला. मग सूप पडल्याचा आवाज. नामदेव ‘बाई, बाई’ करत ओरडला — आमच्याकडे आईलाही बाई म्हणणारे आहेत, तो म्हणतो.

मी फाटकापर्यंत गेलो. तिथून सगळं दिसत होतं. ती भिंतीला टेकून बसली होती, तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा हात मांडीवर कुणाचा तरी असल्यासारखा पडलेला. लकवा. मला त्याच क्षणी समजलं. अशा माणसाला जितक्या लवकर न्यावं तितकं चांगलं, हेही मला माहीत होतं. मी हे मुलांना सांगितलेलं आहे.

नामदेव माझ्या फाटकाकडे धावत आला. त्यानं गाडीकडे पाहिलं. गाडी तिथं, त्याच्यापासून चार पावलांवर, उभी. मग त्यानं नाल्याच्या दिशेनं पाहिलं आणि मलाच म्हणाला, “तुमी नोका येऊ सर. पानी हाये रपट्यावर. बाईले काई होऊन बसन गाडीत.”

पाणी घोटाभर होतं. आदल्या संध्याकाळी मी त्यातून आलो होतो, आणि सकाळपासून थेंब नव्हता.

मला एवढंच म्हणायचं होतं — चल, बसव तिला. तीन शब्द. पण ते म्हटले असते तर? तर तिथं जमलेल्या पंधरा-वीस माणसांना समजलं असतं की करंट वगैरे काही नाही. बूट समजले असते. मास्तर खोटारडा निघाला असता. मी ते तोललं हो. तिचं तोंड वाकडं होत असताना मी उभं राहून माझी इज्जत तोलली, आणि इज्जत जड भरली. मी म्हटलं, “सांभाळून ने.”

त्यांनी तिला मोटारसायकलवर बसवलं. पुढे नामदेव, मागे एक जण तिला धरून, मधे ती, लुगड्यानं बांधलेली. ती एका बाजूला घसरायची. दोनदा थांबावं लागलं. रपट्यावर मोटारसायकल बंद पडली. डांबरी रस्त्यावर ऑटोची वाट पाहिली, चामोर्शीत दुसरी गाडी शोधली, गडचिरोलीच्या दवाखान्यात पोचायला दुपार टळली. माझ्या गाडीनं तासाभराचं काम होतं. डॉक्टर नामदेवला म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर इंजेक्शन देता आलं असतं. आता जेवढं वाचलं तेवढं.

मी संध्याकाळी गेलो तिकडे. एकटाच, गाडीनं, त्याच रपट्यावरून, बूट घालून. कोण बघत होतं? कुणीच नाही. तरी घातले. नामदेव दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. मला पाहून उठला आणि म्हणाला, “एवढ्या पान्यातून काऊन आले सर?” त्याचे डोळे भरून आले होते. माझ्यासाठी.

ती जगली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. दिवसभर बोलणाऱ्या बाईच्या तोंडातून आता ‘आ’ निघते, तेवढंच. कुंपणाकडून काही ऐकू येत नाही. मी सकाळी निघतो तेव्हा ती बाजेवर असते आणि माझ्या पायांकडे पाहते.

पाऊस सरल्यावर मी तिला व्यायामासाठी गडचिरोलीला न्यायला लागलो, आठवड्यातून एकदा. स्वतः होऊन. रपटा कोरडा असतो, मग काय हरकत, असं मीच म्हटलं. गाव मला देवमाणूस म्हणते. नामदेव माझ्या घरी पहिल्या धानाचे तांदूळ देऊन गेला. मी ठेवून घेतले आणि आम्ही ते खाल्ले.

मागच्या आठवड्यात नेत होतो. नामदेवनं तिला पुढच्या जागेवर बसवून दिलं आणि तो कापणीला गेला, गाडीत आम्ही दोघंच. मी घरून ठरवून निघालो होतो की आज तिला सांगायचं. हेही सांगून टाकतो — मनात असं आलं होतं की तिला सांगितलं तरी ती कुणाला सांगू शकणार नाही. इतका हिशेबी मी आहे.

कापणीसाठी लोकांनी धानाच्या बांध्यांमधलं पाणी सोडलं होतं. ते नाल्यात उतरून रपट्यावर आलेलं. बोटभर, खालचं सिमेंट दिसत होतं. मी गाडी थांबवली. “बाई,” म्हटलं, “एक बोलायचं आहे.”

तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती पाण्याकडे पाहत होती. मग तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. मी चपला घालून होतो; रपटा कोरडा असेल म्हणून बूट घरीच. तिनं डाव्या हातानं आपला मेलेला पाय गुडघ्याला धरून बाजूला केला. त्याच्या खाली तो ट्यूबचा तुकडा होता. गाडीतच पडून असायचा तो; तिला बसवताना नामदेवनं तिच्या पायाखाली टाकला असावा. ती वाकली. वेळ लागला तिला. तुकडा उचलला, आणि डावा हात पुरा लांबवून माझ्या मांडीवर ठेवला. “आ,” म्हणाली, आणि माझ्या पायांकडे बोट केलं. स्वतःचे पाय तिनं खाली, रबराशिवाय, तसेच राहू दिले.

मी तो तुकडा माझ्या पायाखाली अंथरला आणि गाडी पाण्यात घातली.