संस्कृती पाहायला आलेली बाई

या, अशा जवळ सरकून बसा. दारातूनच ‘बरं आहे ना आजी’ म्हणून पळता, हे काही चांगलं नाही. माणूस समजायचा तर त्याच्याजवळ टेकावं लागतं. ती बाई टेकायची. आली की चष्मा कपाळावर चढवायची, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायची आणि कोणी काही सांगितलं की विचारायची, “असं करतात, की करतात म्हणतात?”

शहरातल्या कॉलेजात ती समाजशास्त्र शिकवायची. देवरीकडच्या आमच्या गावात वर्षभर खोली घेऊन राहिली. आल्या आल्या सरपंचाला म्हणाली, “मला तुमच्या गावाची संस्कृती अभ्यासायची आहे.” आता आमच्या गावाला संस्कृती म्हणजे काय ठाऊक? शाळेतला सांस्कृतिक कार्यक्रम! सरपंचानं लाउडस्पीकर आणवला, पोरींना नव्या साड्या नेसवल्या, बाईला खुर्चीवर बसवून हार घातला. बाईनं सगळं पाहिलं, टाळ्या वाजवल्या. मग हळूच मला विचारलं, “आजी, ह्या पोरी एरवी कधी नाचतात?”

“पाहुणा आला का नाचतेत,” मी म्हटलं.

एवढी हसली, एवढी हसली, की हार तुटला.

दुसऱ्या दिवसापासून ती आमच्यातच. धानाच्या रोवणीला चिखलात उतरली, मोहफुलं वेचायला रानात आली. कोण कोणाला काय हाक मारतं, पंगतीत आधी कोण बसतं, रुसलेल्याला कोण समजावतं, सगळं पाहायची. बायकांचं भांडण लागलं, तर ही पहिली हजर.

“बाप्पा! भांडण कायले पाहून राहिली वो? त्यात का संस्कृती हाय?”

“त्यात तर जास्तच, आजी. माणूस जे जन्मासोबत घेऊन येत नाही, चार लोकांत राहून शिकतो आणि पुढच्याला देतो, ते सगळं संस्कृतीत येतं. तुम्हाला भांडायला कोणी शिकवलं?”

“सासूनं.”

“झालं तर मग!”

पण त्या वर्षी माझ्या जिवाला वेगळाच घोर होता. मुलगा जाऊन दोन पावसाळे झाले होते. सून तरुण. कोहमाऱ्याला ढाबा चालवणारा आमच्या समाजातलाच एक मुलगा तिच्याशी लग्न करायला तयार होता. तिचंही मन होतं, माझंही. अडले ते आमचे भासरे, म्हणजे आमचे हे गेले, त्यांचे थोरले भाऊ. “आपल्यात नाई होत. आपली संस्कृती नोहे ते,” म्हणाले. त्यांच्या शब्दाबाहेर भावकीतलं कोणी जात नव्हतं. सून रडलीसुद्धा नाही. सारवलेली चूल पुन्हा सारवत बसली.

बाई तिथंच ओसरीवर होती. मी मनात म्हटलं, शिकलेली आहेस ना, मग सुनाव आता. तिनं काही सुनावलं नाही. चष्मा वर चढवला आणि शाळेतल्या पोरीसारखं विचारलं, “मोठेबाबा, होत नाही, की होत नाही म्हणतात? तुमच्या आजीच्या काळी काय करायचे?”

“तवा? तवा तं पाट लावत.” विधवेच्या दुसऱ्या लग्नाला आमच्याकडे पाट म्हणत. भासरे बोलून गेले आणि थबकले. “माही आजीच पाटाची होती.”

“मग बंद कसं झालं?”

“कोणी बंद केलं असं नाई. पोरं नोकरीले लागले, मोठ्या लोकांत उठबस झाली... मंग लाज वाटाले लागली पाटाची.”

मला राहवेना. डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हटलं, “अन् ते आजी पाटाची नसती, तं तुमी कुठून आले असते?”

आतून सुनेचं हसू फुटलं. भासरे आधी चिडले, मग तेही हसले. “या मास्तरीणबाईनं तुमची जीभ लांब करून टाकली! जा, बोलवा त्या पोराले.” कित्येक महिन्यांनी मी पोटभर श्वास घेतला.

बाईचं मात्र भलतंच. दोन दिवस चेहरा पाडून. “मी मध्ये पडायला नको होतं. मी पाहायला आले होते.”

“आमच्या ताटात जेवली, आमच्या चिखलात पडली,” मी म्हटलं, “आता का पाहणारी राहिली वो तू?”

पाटाच्या दिवशी तिनं काही पाहिलं नाही, काही विचारलं नाही. पदर खोचून पंगतीत भात वाढत होती, आणि भासरे तिला ओरडत होते, “हात आखडू नको वो, वाढ!”

वर्ष संपलं तशी ती गेली. तिच्या खोलीत आता धानाची पोती आहेत. सून कोहमाऱ्याला सुखात आहे. अजून मला आईच म्हणते. घर रिकामं झालं, पण चांगल्या कारणानं झालं, तेव्हा तक्रार कसली. एवढंच की हाताला दोघींपुरता भात टाकायची सवय आहे, ती सुटत नाही. एका माणसाचा रोज उरतो. म्हणून म्हणते, पुन्हा लवकर या. अन् येताना जेवून येऊ नका.