मशिदीची तुळई आणि इत्तोचं तेल

इत्तोबद्दल मी लिहावं, इतकी काही ती मला कळली नव्हती. चाळीस वर्षं शेजारी होतो, पण तिचा नवरा कशानं गेला हेही मी कधी विचारलं नाही. तिची एकच गोष्ट मला नक्की माहीत आहे, आणि तीही माझ्या चुकीमुळे.

देवदाराचे पडलेले बुंधे फोडून इत्तो भट्टीवर त्यांचं तेल काढायची. त्यात झातरच्या रानपाल्याचं तेल मिसळलं की लाकडाला बुरशी धरत नाही, म्हणून आमच्या डोंगरातली सगळी गावं तिचंच तेल नेत आणि तिला मानानं 'लल्ला' म्हणत. एका हिवाळ्यात बर्फानं मशिदीचं छत गळलं, आणि माझ्या वडिलांनी घडवलेल्या तुळईवर पांढरी बुरशी आली. गावातल्या जाणत्यांनी ती काढून सिमेंटचा स्लॅब घालायचं ठरवलं. तुळई वाचवायला इत्तोनं एक वर्ष मागून घेतलं. सुतार मी. कुजकं तासून, तुळई पुरती वाळली की मगच तेल लावायचं, असं तिनं मला तीनदा बजावलं.

रमजान तोंडावर आला होता. मी ओल्यावरच तेल लावलं. मशीदभर वास दरवळला. तो वास आला की काम झालं, असं आमच्याकडे सगळेच धरतात. मीही धरलं.

पानगळीत बुरशी तेलाखालून वर आली. जाणत्यांतला अक्का नावाचा म्हातारा चारचौघांत इत्तोला म्हणाला, "लल्ला, तुझं तेल आता नाकापुरतंच राहिलंय."

इत्तो शिडी चढली. सत्तरीची बाई. बोटाच्या पेरानं तुळई ठोकली, ती ओल्या लाकडासारखी बद्द वाजली; तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि उतरली.

"या खेपेचं तेल पातळ झालं असेल," ती म्हणाली. "उन्हं तापेपर्यंत थांबा. नाही टिकली, तर भट्टी मोडते. मग घाला तुमचं सिमेंट."

"भट्टी मोडून खाशील काय?" अक्कानं विचारलं.

"तुझं डोकं. शिजायला वेळ लागेल तेवढा."

सगळे हसले. मीही हसलो.

त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी तुळई खरवडली, खाली शेगडी ठेवून महिनाभर वाळवली, मग तेल दिलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. तुळई टिकली. पण पातळ तेलाचा बोल तिला चिकटला तो चिकटलाच. दोन गावांनी तिच्याकडे येणं सोडलं.

ती जाण्याच्या आठवडाभर आधी, ओल्यावर तेल लावल्याचं सांगून टाकायचं म्हणून मी भट्टीवर गेलो. ती चहा ओतत होती.

"लल्ला, त्या वर्षीच्या तेलाचं..."

"हद्दू, आधी त्या तेलाच्या बुधलीला बूच लाव. उडून जातं."

"लावलं."

"घट्ट?"

"घट्ट."