पाळीचा उजवा कौल

सावंतवाडीहून निघालेली बस पत्रादेवीच्या नाक्यावर थांबली. पोलिसाने टपावरच्या फणसांकडे एकदा पाहिले आणि हात हलवला. एवढ्यावर राज्य बदलले. गोवा घटकराज्य होऊन थोडीच वर्षे झाली होती. पेडण्याच्या वाटेवर भिंतीभिंतींवर मराठीच्या आणि कोकणीच्या घोषणा एकमेकींवर रंगवलेल्या दिसत होत्या. जूनच्या पावसाने वरचा रंग धुपून खालचा वर येत होता.

तुयेला सुमनबाई भेटल्या. त्या नार्व्याच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. अपंग म्हणून घरी ठेवलेली मुले गावच्याच शाळेत बसावीत यासाठी शाळा उघडल्या की त्या गावोगाव फिरत. या वेळी मी त्यांच्याबरोबर होतो.

औद्योगिक वसाहतीमागच्या खोल्यांत पाळी सुटलेले कामगार चहाला बसले होते. चहाबरोबर उंडे (जाड कवचाचे गोल पाव) होते. गडहिंग्लजकडच्या एकाने मुलाची गोष्ट काढली.

"पोलिओचा पाय आहे त्याचा, बाई. गावाकडं आजीजवळ ठेवलाय. हितं आणून घालू कुठल्या शाळंत? मराठी का कोकणी, ह्यांचंच अजून ठरंना."

"पाय खंयच्या भाशेंत उलयता (बोलतो) रे तुज्या पोराचो?" बाईंनी विचारले.

सगळे हसले. तोही हसला. मुलगा गावाकडेच राहिला.

डिचोलीला जाताना बसचे चाक चिखलात रुतले. उतारूंनी उतरून ढकलले तरी संध्याकाळ झालीच. मुक्काम नार्व्याला, बाईंच्या घरी. बांधापलीकडे नदी फुगली होती आणि अलीकडे तरवा (भाताची रोपे) हिरवागार उभा होता. सकाळी पोदेर (पाववाला) सायकलवरून भोंगा वाजवत आला. पातळ भाजीत पाव बुडवताना बाई म्हणाल्या, "ह्या खेपे शेवंतीचें काम जातलें (होणार)."

शेवंती पाळीची. नऊ वर्षांची, जन्मापासून बहिरी. शाळेत कधीच न गेलेली.

पाळी खाणपट्ट्यात आहे. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक थांबते. रस्त्याकडेला ताडपत्र्या घातलेले ट्रक उभे होते आणि गटारातून लाल पाणी वाहत होते. शेवंतीचा बाप वसंत ट्रक चालवतो. मूळचा दोडामार्गाकडचा. ट्रक थांबले की तो दरवर्षी बायकामुलीसह लावणीसाठी गावी जाई. यंदा लावणी भावांवर सोपवून तो पाळीतच थांबला होता. कारण विचारले तेव्हा त्याने कौलाचे सांगितले. पाळीच्या देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मुलीला शाळेत घालू का, असे तो तीन वर्षे देवाला विचारत होता.

"दोन वर्सां डावोच पडा होतो," तो म्हणाला. "औंदा उजवो दिल्यान. घुटमळाकसुद्धा नाय."

"दोन वर्सां फुलाक विचारीत बसलो," बाई म्हणाल्या. "हांव (मी) दारांत येताली, म्हाका विचारूंक ना."

"तुमका विचारूचा काय, बाये? तुमी होयच म्हणतल्यात."

शेवंती गणवेश घालून तयार होती. आईने पुढची दोन वर्षे तो पुरेल अशा बेताने दुमडीत भरपूर कापड राखले होते.

शाळा एकाच दालनाची. हेडमास्तर सभ्य गृहस्थ. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला, शेवंतीच्या डोक्यावर हात ठेवून तिला शेवटच्या बाकावर बसवले. वर्गातली बहुतेक बाके रिकामी होती. गावातली बरीच मुले आता बसने डिचोलीला, इंग्रजी शाळेत जातात.

"उरलेले पालक म्हणटात, मोनी (मुकी) वर्गांत बसली जाल्यार आमी आमचीं भुरगीं (मुले) काडटले," ते हळू आवाजात म्हणाले. "हें एक आयलें आनी तीं गेलीं जाल्यार ही शाळाच बंद जातली. पणजेक तांची खाशेली (खास) शाळा आसा. थंय व्हरात (तिथे न्या)."

"थंय कोणाकडे रवतली?" वसंतने विचारले. "ती ह्या गावची पोर."

"दोन वर्सां आदीं हाडपाची (आणायची) मरे," हेडमास्तर म्हणाले. " तेन्ना वर्ग भरिल्ले. एकट्यादुकट्याच्या धमकेक कोण विचारता आसलो?"

हे खरे होते की सोयीचे, ते तपासायला मार्ग नव्हता. वसंत मात्र ते खरे धरून बसला.

"तेवा देव नाय म्हणा होतो," तो म्हणाला. "आता उजवो दिल्यान."

"देवाक शाळा चलोवची पडना," हेडमास्तर म्हणाले.

मग बाई म्हणाल्या, "तर मागीर बंद जाल्लीच बरी." हेडमास्तरांनी त्यांच्या कपात चहा ओतला. बाईंनी तो घेतला नाही.

शेवटच्या बाकावर शेवंतीने फळ्यावरचा 'क' पाटीवर उतरवला होता. नीट आला होता. पाटी उंच धरून ती बापाला दाखवत होती. बापाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी डिचोलीहून दोडामार्गाच्या बसने परत निघालो. त्याच बसमध्ये वसंतचे कुटुंब होते. लावणीचे थोडे दिवस उरले होते, ते वाया का घालवावेत, असे तो म्हणाला. शेवंती गणवेशातच होती. तो काढायला ती तयार नव्हती, आणि शाळेने घेतले नाही हे तिला कोणत्या खुणेने सांगायचे ते घरात कोणाला माहीत नव्हते. बाईंनाही नव्हते. त्यांनी ते डिचोलीच्या नाक्यावर निरोप घेताना मला सांगितले.

"पुढच्या वर्षी परत विचारणार?" मी वसंतला विचारले.

"कोणाक? देवान होय म्हटल्यान. आता विचारूचा कोणाक?"

या प्रवासात मी अनेक घरांत बसलो. वाईट माणूस कुठे भेटला नाही. भेटला असता तर त्याच्याविरुद्ध काही लिहिता आले असते.

दोडामार्गाला बस थांबली. आईने गाठोडे उतरवले, बापाने ट्रंक. शेवंतीने दप्तर पाठीला लावले, केस हाताने नीट केले आणि उतरून रस्त्यावर उभी राहिली. पुढे, मागे, सगळीकडे बघत ती शाळा शोधत होती.