गडहिंग्लजला वांगी उपटायला गेले त्याची गोष्ट

निघाले होते पन्हाळ्याला. पण राजारामपुरीत मिसळ खाताना शेजारच्या टेबलावरच्या क्लासवाल्या सरांनी विचारलं, जीपमध्ये जागा आहे, वांगी उपटायला येता का? असं कोण विचारतं सांगा. गेले.

कागल, निपाणी करत दोनेक तास. मध्येच मोबाईल कर्नाटकात स्वागत करतो. एसटीनंही जाता येतं, खिडकी पकडा. वाटेत सरांनी समजावलं. अण्णा नावाच्या शेतकऱ्याच्या रानात कंपनीनं जनुक बदललेल्या वांग्याची चाचणी लावली आहे. बांधापलीकडे शांताक्का जुन्या काटेरी वांग्याचं बी राखतात. मधमाश्या इकडचे पराग तिकडे नेतील आणि ते बी बाटेल, म्हणून फुलायच्या आत चाचणीची झाडं उपटायची.

मॅपनं आम्हाला मागच्या वाटेनं नेलं. शांताक्का पुढच्या रस्त्यावर चहा घेऊन थांबलेल्या. बांधाच्या दोन्हीकडे वांगीच, सगळी सारखी. काही झाडांना लाल चिंध्या होत्या. ही कंपनीची खूण, सर म्हणाले. घोषणा देत जीपमधल्या सगळ्यांनी उपटली. माझ्याही हातात दोन होती.

तेवढ्यात शांताक्का किटली घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"चिंध्या मी बांधल्या की ओ. बियाची झाडं तेवढीच हायती, फुडं लागल्यालं वांगं कुणी तोडू न्हाई म्हणून."

बांधावरून अण्णा म्हणाले, "पावणं, माझी वांगी हिकडं हायत. दमला असशीला, च्या पिऊन उपटा."

अण्णांनी हात दाखवले, औषध मारून मारून सालटी निघालेले. या वांग्याला फवारणी कमी लागंल म्हणून लावलंय, म्हणाले. मला तेही पटलं. मग घरात जाऊन त्यांनी काटेरी वांग्याचं राखेत घोळवलेलं मूठभर बी आणलं. गेल्या साली शांताक्कांनीच दिलेलं, पेरून उरलेलं. शांताक्कांकडे आता एक दाणा नव्हता, होतं ते सगळं पेरलं होतं.

त्यांनी पदरात घेतलं. "आन् तुझी झाडं फुलल्यावर ह्येचं काय हुईल, अण्णा?"

सरांनी अण्णांच्या झाडांकडे पाऊल टाकलं, तर शांताक्का म्हणाल्या, "आज कुणी कायबी उपटायचं न्हाई."

वाटेतून फोनवर सांगितलं होतं, म्हणून घरी आईनं विचारलं, उपटली का वांगी? उपटली, म्हटलं. अण्णांच्या झाडांना कळ्या मी पाहिल्यात, आता उमलल्याही असतील. शांताक्कांनी ते बी पेरलं असेल का, आणि पेरावं का, दोन्ही मला कळत नाही.