गराजमधली ईश्वरविद्या

भास्करकाका गेल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी दारातला बर्फ उपसत होतो. पहिला विचार आला तो हा, की आता स्वर्गात वाद सुरू झाला असणार आणि देवदूत पंख मिटून कोपऱ्यात बसले असणार. महिना उलटला, निकाल अजून कळलेला नाही...

काका नगरकडचे ख्रिस्ती, तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधले माझे शेजारी. मी पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, देव न मानणारा. त्यांच्या रिफॉर्म्ड पंथाच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये मोठ्यांचा रविवारचा वर्ग काका घेत. आवाज असा, की शिकागोची ट्रेन थांबून ऐकत असे. त्या वर्गावर त्यांचा जीव. तिथल्या पाळकांचं, म्हणजे पास्टरांचं म्हणणं, पापानं माणसाची बुद्धीही बिघडली, तेव्हा तत्त्वज्ञानानं ईश्वरविद्येच्या हाताखालीच राहावं. काका म्हणत, तत्त्वज्ञानही श्रद्धेवरच उभं राहील, पण मग त्याला ईश्वरविद्येलाही प्रश्न विचारू द्या.

त्या चर्चची पद्धत अशी, की वर्षातून एकदा मंडळीतले वडीलधारे घरी येऊन श्रद्धेची विचारपूस करतात. एका वर्षी पाळक स्वतः आले. वर्ग काकांकडे ठेवायचा की नाही, ते ठरवायला. काकांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि सांगून टाकलं, की ह्या नास्तिकानं वर्गात मांडायला तयार केलेला माझा युक्तिवाद मोडला आणि ह्याचंच बरोबर होतं. पाळकांचा चहा कपातच गोठला. देव न मानणाऱ्याचं मत चर्चच्या वर्गात कशाला, असं त्यांनी विचारलं.

“ह्याला सत्य दिसलं तेही देवाच्याच कृपेनं, असं तुमचीच ईश्वरविद्या सांगते,” काका म्हणाले. “आणि पास्टर, बुद्धी फक्त माझीच बिघडली? तुमची कुठून दुरुस्त करून आणलीत?”

मी हसलो. काकू हसल्या नाहीत. वर्ग गेला.

मग काका बोलेचनात. अख्खं इलिनॉय शांत झालं. शेवटी एका रविवारी त्यांनी गाडी बाहेर बर्फात काढली आणि गराजमध्ये खुर्च्या मांडल्या. श्रोते दोन, काकू आणि मी. काही दिवसांनी पाळकही येऊन बसले. वर्ग काढला ते योग्यच केलं, म्हणाले, पण तुमचा तो प्रश्न मला उपदेश लिहू देत नाही. तेव्हापासून दर रविवारी दुपारी दोघं असे भांडत, की छपरावरचा बर्फ घसरून खाली येई.

परवाच्या रविवारी काकूंनी गराज उघडलं. पाळक आले. आधी ईश्वरविद्या, मग तत्त्वज्ञान, हे त्यांनी फार सुंदर मांडलं. मधे कोणी अडवलं नाही. ते थांबले, वाट पाहिली... मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले,

“माझं कुठे चुकतंय, तू सांग.”